मोडलेला नेम



आषाढी झाली, गोपाळकाला झाला, दिंड्या पांगल्या. आपण आपापल्या घरी आलो. आता श्रावण लागलाय. तर माय-बापहो, एक विचारतो, खरं सांगा. आळंदी ते पंढरपूर वाटेनं जो नेम होता, तो आज किती जणांचा शिल्लक आहे?... हसताय. म्हणजे कळलं मला.

वाटेत बघा कसं असतं. पहाटे तीनला टँकरखाली गार पाण्याची अंघोळ, कुणाची कुरकुर नाही. काकडा होतो, चालताना भजन होतं, संध्याकाळी हरिपाठ होतो. पाय सुजलेले असतात, तरी तोंडात वाकडा शब्द नाही. आणि घरी आल्यावर आठव्या दिवशी तोच माणूस सात वाजता उठतो, अन् पहिला हात जातो मोबाईलला. भाव आटला का हो आठ दिवसांत? भाव आटत नाही. वाटेत आपला नेम दिंडी चालवत होती, एवढंच. तळावर चोपदारांनी चोप वर केला की लाखांचा गलका शांत होतो. शेजारचा उठला की आपण उठतो. घरी चोपदार कोण? सांगा की!

आणि आपण चुकतो कुठं, तर घरचा नेम वारीच्या मापानं शिवायला घेतो. पूर्ण हरिपाठ, ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, १०८ मण्यांच्या अकरा माळा, सगळं रोज. चार दिवस जमतं. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी लाज वाटते, सातव्या दिवशी जपाची माळ खुंटीला. मग म्हणतो, आता कार्तिकीपासून. कार्तिकी आली की पुढची आषाढी. अहो, गोधडीचा एक टाका उसवला तर घरातली म्हातारी तेवढाच टाका घालते. नवी गोधडी शिवायची म्हणून वर्षभर उघडी झोपत नाही ती!

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल...

आता दुसरी गोष्ट, लक्षाची. नाथबाबा देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते, हिशेब लिहायचे. एका रात्री एका पैची चूक लागेना. दिवा पेटता ठेवून बसले. पहाटेला चूक सापडली आणि आनंदानं टाळी वाजवली. स्वामी बघत होते. ते म्हणाले, एका पैसाठी जीव असा एकवटतो, तसा देवापाशी एकवटला तर? गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मला त्यात आवडतं काय, सांगू? स्वामींनी हिशेब सोडायला सांगितला नाही. लक्ष कसं लागतं ते त्या पोराला हिशेबानंच शिकवलं होतं. आपल्याकडंही आहे की ते. डेअरीवर दुधाचं फॅट बघताना कसे टक लावून उभे राहता! माळ हातात आली की मात्र बोटं मण्यावर आणि मन डेअरीवर.

लोकांचं खूप बोललो. आता माझं सांगतो, सांगणार नव्हतो खरं तर.

आमच्या घरी तिन्हीसांजेला तुळशीपुढं हरिपाठ व्हायचा. मी पुढं म्हणायचो, आमच्या मंडळी मागं म्हणायच्या. बत्तीस वर्षं. त्या गेल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी मी एक चरण म्हणून थांबलो. मागं कुणी म्हणेना. ती रिकामी जागा ऐकवेना मला. उठलो. तो नेम सव्वा वर्ष बंद होता. आणि बाहेर? बाहेर फेटा बांधून, इथं आत्ता उभा आहे तसाच, मी लोकांना नेम सांगत होतो. टाळ्या घेत होतो. कुणाला कळलं नाही. घरात सगळ्यांना कळत होतं, कुणी बोललं नाही.

एकदा सूनबाईनं दिवा लावला आणि म्हणाली, "अण्णा, मला चाल येत नाही. तुम्ही एकच अभंग म्हणा, मी मागं म्हणते." तिची चाल चुकत होती. माझा आवाज फुटत नव्हता. पण एक अभंग झाला. दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तोच एक पुन्हा. कितीतरी महिने एकच. त्यातही खाडा पडला. एकदा एसटी रात्री अकराला पोचली, तेव्हा ओट्यावर चपला काढता काढता म्हटला. सूनबाई आतून, झोपेतून, मागं म्हणाली.

आता सातापर्यंत आलोय. पूर्ण हरिपाठ घरी अजून होत नाही, खोटं कशाला बोलू? मंडळींचा पाट तुळशीपुढं तसाच आहे. सूनबाई त्याच्या शेजारी बसते, त्यावर बसत नाही. नातू मात्र परवा जाऊन बसला त्यावर, टाळ घेऊन. कुणी उठवलं नाही त्याला.

चला, वीणेकरी बुवा कधीचे उभे आहेत. बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!