स्वतःसाठीं लिहिणें

शाळेंत आपण मुलांना निबंध लिहावयास शिकवितों, पत्रें लिहावयास शिकवितों, अर्जहि लिहावयास शिकवितों. हें सारें लेखन दुसऱ्यासाठीं असतें. जें दुसऱ्या कोणीं वाचावयाचें नाहीं, ज्याला गुण मिळावयाचे नाहींत, जें केवळ आपलें मन आपणांस कळावें म्हणून करावयाचें, असें लेखन मात्र आपण सहसा शिकवीत नाहीं. या उपेक्षित लेखनाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही रीत नवी नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस यानें मोहिमांच्या धामधुमींत स्वतःस उद्देशून ग्रीक भाषेंत टिपणें लिहिलीं. त्यांत तो स्वतःलाच 'तूं' म्हणून बजावतो. आपल्याकडे समर्थ रामदासांनीं मनालाच समोर बसवून उपदेश केला, हें 'मनाच्या श्लोकां'मुळें घरोघरीं ठाऊक आहे. मन आणि मी यांत थोडें अंतर पाडतां येतें, मनाला समोर बसवून त्याच्याशीं बोलतां येतें, ही जाण दोहोंच्या मुळाशीं आहे. हें अंतर पाडण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कागद.

या गोष्टीची शास्त्रीय परीक्षाहि झाली आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनीं १९८६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, लिहावयास बसविलें होतें. कांहींनीं क्षुल्लक विषयांवर लिहिलें. कांहींनीं आयुष्यांतील अत्यंत दुःखद प्रसंगाची नुसती हकीकत लिहिली. कांहींनीं नुसत्या भावना लिहिल्या. आणि कांहींनीं घडलेलें व वाटलेलें असें दोन्ही लिहिलें. दुःखाविषयीं लिहून उठणारांचीं मनें त्या वेळीं जडच झालीं होतीं. परंतु पुढील सहा महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी क्षुल्लक विषयांवर लिहिणारांपेक्षां आजारपणासाठीं दवाखान्यांत कमी वेळां गेले. पुढें असे प्रयोग पुष्कळ झाले. २००६ सालीं अशा १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यांत लाभ खरा, पण लहान आढळला. म्हणजे हा कांहीं रामबाण उपाय नव्हे. तरीपण ज्याला वही आणि पेन्सिल यांखेरीज खर्च नाहीं, असा लहान लाभहि टाकण्याजोगा नाहीं.

माझ्यासारख्या व्याकरणाच्या शिक्षकाला नवल वाटलें तें पुढेंच. अशा लेखनांतील शब्द मोजून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, ज्यांच्या लेखनांत दिवसेंदिवस 'कारण', 'म्हणून', 'उमगलें', 'लक्षांत आलें' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यांना जोडतें, हें आपण सर्वजण शाळेंत शिकलों आहों. 'मला रडूं येतें' हें एक वाक्य. तें दहा वेळां लिहिलें तरी जागचें हलत नाहीं. त्याच्यापुढें 'कारण' लिहिलें कीं लेखणीला पुढें जावेंच लागतें. तक्रार आणि समज यांमध्यें पुष्कळदां एवढ्या एका अव्ययाचेंच अंतर असतें.

सहा वर्षांपूर्वीं माझी पत्नी वारली. पहिले कांहीं महिने लिहिणें सुचलेंच नाहीं. पुढें रोज रात्रीं चार ओळी लिहूं लागलों. आरंभींचीं पानें सारखींच आहेत : झोप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, जीव कासावीस होतो. एके रात्रीं मात्र असें वाक्य उतरलें : 'दिवेलागणीला जीव कासावीस होतो, कारण त्या वेळीं ती चहाला हांक मारी.' तोंवर मला सारा दिवसच दुःखाचा वाटत होता. त्यांतला सर्वांत जड असा एकच तास आहे, हें वहीनें दाखविलें. मग त्या तासाला आळींतल्या दोन मुलांना गणित शिकवूं लागलों. दुःख गेलें नाहीं. परंतु संध्याकाळ सुसह्य झाली.

भावनेला तिचें नेमकें नांव देणें, हें या लेखनाचें दुसरें काम. 'वाईट वाटतें' एवढ्यावर आपण थांबतों; वस्तुतः मराठी या बाबतींत श्रीमंत आहे. करावयाचें राहून गेलें त्याची रुखरुख असते. निरोपानंतर हुरहूर लागते. दुसऱ्याच्या हानीनें हळहळ वाटते. आशा मोडली म्हणजे हिरमोड होतो. पुढें काय होईल याची धास्ती असते. रागाचेंहि तसेंच. रुसव्याला समजूत हवी असते, संतापाला न्याय हवा असतो, आणि त्रागा करणारा स्वतःला त्रास करून घेऊन दुसऱ्याचें लक्ष वेधीत असतो. नांव बदललें कीं उपायहि बदलतो. रुखरुख असेल तर राहून गेलेलें पत्र आजहि पाठवितां येतें. धास्ती असेल तर जाणत्याकडे चौकशी करतां येते.

आतां सावधगिरीच्या दोन गोष्टी. घाव अगदीं ताजा असतांना लिहिण्याची सक्ति स्वतःवर करूं नये. आठवडेच्या आठवडे तीच तक्रार त्याच शब्दांत उतरत असेल, लिहून मन अधिकच काळवंडत असेल, तर वही मिटून विश्वासाच्या माणसाकडे जावें. झोप, भूक, कामांतील लक्ष हीं पंधरवडाभर हरपलीं, किंवा जीव नकोसा वाटूं लागला, तर वही पुरत नाहीं. तेथें डॉक्टरच हवा. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा सुरू केली; तिचा क्रमांक १४४१६. डॉक्टराकडे जातांनाहि ती वही उपयोगी पडते. केव्हांपासून आणि काय होतें, हें नीट सांगतां येतें.

घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. मुलाची, मुलीची, सुनेची वही उघडूं नका. कोणी वाचील या भीतीनें लिहिलेलें लेखन पुन्हां निबंधच होऊन बसतें. लिहिणारानें वाटल्यास पान फाडून टाकावें. लाभ कागदांत नसून लिहिण्यांत आहे.

श्रोतेहो, येथें शुद्धलेखनाचे गुण कापले जात नाहींत; अक्षर वाकडें आलें तरी चालेल. आज रात्रीं पंधरा मिनिटें बसा. काय घडलें तें लिहा, काय वाटलें तें लिहा. आणि वाक्य संपलें असें वाटेल तेव्हां पूर्णविरामाच्या जागीं 'कारण' हा शब्द लिहून पाहा.