विरोधकांची एकजूट : चिलीचा धडा



या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले आणि उरलेले कारखान्याच्या फाटकापाशी, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्रीय परिभाषा शोधू नये. जे वाचले आणि जे धंद्यात कळले, त्याची सांगड घालून चार शब्द सांगावेत एवढाच हेतू आहे.

विषय असा आहे की, एकमेकांचे हाडवैरी म्हणावेत असे राजकीय पक्ष लोकशाही वाचविण्यासाठी एकत्र येऊ शकतात काय, आणि आलेच तर ते कोणत्या अटीवर? कित्येकांचे मत असे की, अशी एकजूट म्हणजे निव्वळ संधिसाधूपणा. काल एकमेकांना शिव्या देणारे आज गळ्यात गळा घालतात, तेव्हा कालचे तरी खोटे असले पाहिजे किंवा आजचे तरी. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर आम्ही तर्काने देणार नाही. एका देशाची हकीकत सांगणार आहोत. तो देश चिली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एखाद्या पट्टीसारखा लांबलचक पसरलेला, तांब्याच्या खाणींचा आणि पाब्लो नेरुदांचा देश.

1970 साली तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. समाजवादी पक्षाचे डॉ. साल्वादोर आयेंदे पहिले आले, पण त्यांना मते मिळाली शेकडा 37 हूनही कमी. कोणासही निम्म्याहून अधिक मते नसली की निवड संसदेने करावयाची, असा तेथील नियम. संसदेत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने घटनेतील हमींच्या अटी घातल्या, त्या मान्य झाल्या आणि त्या पक्षाच्या मतांवर आयेंदे निवडून आले. म्हणजे जे पुढे वैरी झाले, त्यांनीच पहिल्या दिवशी हात दिला होता.

पुढची तीन वर्षे फार वाईट गेली. तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण संसदेने एकमताने केले, येथवर ठीक. त्यानंतर मात्र महागाई भडकली, दुकानांपुढे रांगा लागल्या. अमेरिकेने कर्जाच्या नाड्या आवळल्या आणि विरोधकांना चोरून पैसा पुरविला, हे पुढे अमेरिकन सिनेटच्याच चौकशीत उघड झाले. 1971 च्या डिसेंबरात सुस्थितीतल्या बायका रिकामी पातेली बडवीत सांतियागोच्या रस्त्यांवर आल्या. 1972 च्या ऑक्टोबरात मालमोटारवाल्यांनी वाहतूक बंद पाडली. 1973 मध्ये एल तेनिएन्ते या प्रचंड तांब्याच्या खाणीत दोन महिन्यांहून अधिक काळ संप चालला; तो संप कामगारांचे म्हणविणाऱ्या सरकारविरुद्ध होता आणि विरोधी पक्ष त्या संपकऱ्यांचा कैवार घेत होते! संघटनेत काम करणाऱ्याने हा प्रसंग डोळे उघडे ठेवून वाचावा असा आहे.

त्या वेळी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष होते पात्रिसिओ आयल्विन. हे नाव लक्षात ठेवावे. 30 जुलै 1973 रोजी आयेंदे आणि आयल्विन राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात बोलणी करावयास बसले. बोलणी फिसकटली. 17 ऑगस्टला कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांनी दोघांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले. तेथेही काही जमले नाही. 22 ऑगस्टला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने 81 विरुद्ध 47 मतांनी ठराव केला की, हे सरकार घटना मोडीत आहे. आणि 11 सप्टेंबरला सैन्याने राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा वाड्यावर विमानांतून बाँब टाकले. आयेंदे त्याच वाड्यात मरण पावले.

विरोधकांपैकी पुष्कळांची अशी समजूत होती की, सैन्य घर झाडून किल्ल्या आपल्या हाती देईल. जनरल आउगुस्तो पिनोचेट यांनी किल्ल्या खिशात घातल्या, त्या साडेसोळा वर्षे बाहेर काढल्या नाहीत. संसद बंद झाली. डाव्या पक्षांवर बंदी आली. कामगारांची मध्यवर्ती संघटना बेकायदा ठरली. मतदारांच्या याद्या नष्ट करण्यात आल्या. प्रथम ज्यांचे प्राण गेले ते आयेंदेंचे अनुयायी. पण 1977 साली ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षही विसर्जित करण्यात आला. त्या पक्षातील तेरा जणांनी उठावानंतर दोनच दिवसांनी त्याचा निषेध करणाऱ्या पत्रकावर सह्या केल्या होत्या. त्यांपैकी बर्नार्दो लेइटन यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर 1975 मध्ये रोम शहरात गोळ्या झाडण्यात आल्या. जुलमी सत्ता बंदूक चालविताना समोरचा डावा की उजवा, हे फार वेळ पाहत बसत नाही.

मग एकजूट का झाली नाही? लगेच झाली नाही, याचे कारण सरळ आहे. समाजवादी म्हणत, ‘तुम्हीच सैन्याला दार उघडून दिलेत.’ ख्रिश्चन डेमोक्रॅट म्हणत, ‘तुम्हीच देश त्या कडेला नेलात.’ दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात काही तथ्य होते, म्हणूनच ते भांडण सुटण्यासारखे नव्हते. खोटे भांडण लवकर मिटते. ज्याच्या मागे खऱ्या जखमा आहेत ते मिटत नाही.

पहिली वाट कामगारांनी काढली, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. सरकारी नोकरांच्या संघटनेचे पुढारी तुकापेल हिमेनेस हे आयेंदेंच्या सरकारचे विरोधक होते. नोकरी गेल्यावर ते टॅक्सी चालवून पोट भरीत. सगळ्या रंगांच्या संघटनांनी एक व्हावे, यासाठी त्यांची खटपट चालू होती. 25 फेब्रुवारी 1982 रोजी त्यांना त्यांच्याच टॅक्सीत ठार करण्यात आले. मारेकरी लष्करी गुप्तहेर खात्याचे होते, हे वीस वर्षांनी न्यायालयात शाबीत झाले.

त्याच वर्षी अर्थव्यवस्था कोसळली, लाखो लोक बेकार झाले. तांबे-कामगारांच्या महासंघाचे अध्यक्ष रोदोल्फो सेगेल हे तिशीच्याही आतले तरुण. त्यांच्या महासंघाने 11 मे 1983 साठी संपाची हाक दिली. खाणींभोवती सैन्य उभे राहिले. संप केला असता तर रक्तपात झाला असता. मागे घेतला असता तर संघटना मेली असती. तेव्हा महासंघाने हाक बदलली : मुलांना शाळेत पाठवू नका, खरेदी करू नका, सावकाश चाला, आणि रात्री आठ वाजता घरोघर पातेली बडवा. बारा वर्षांपूर्वी आयेंदेंविरुद्ध वाजलेले तेच पातेले आता पिनोचेटविरुद्ध वाजले. गरीब वस्तीत वाजले आणि मध्यमवर्गीयांच्या आळीतही वाजले. कोण कोणत्या पक्षाचा, हे अंधारात दिसत नव्हते. प्रत्येकाला झेपेल आणि प्रत्येकाला करता येईल एवढीच हाक द्यावी, ही संघटनेची पहिली कला त्या रात्री चिलीने शिकविली.

तरीही पक्षांना आणखी पाच वर्षे लागली. त्याच 1983 साली एक आघाडी मध्यममार्गीयांची आणि काही समाजवाद्यांची झाली, तर दुसरी कम्युनिस्टांच्या पुढाकाराने झाली. 1985 मध्ये कार्डिनल फ्रेस्नो यांच्या मध्यस्थीने एक राष्ट्रीय करार झाला, तोही पुढे सरकला नाही. 1986 मध्ये एका सशस्त्र गटाने पिनोचेटच्या मोटारींवर हल्ला केला. पाच शरीररक्षक मेले, जनरल वाचले आणि दडपशाहीला निमित्त मिळाले.

पिनोचेटच्याच 1980 च्या घटनेत एक कलम होते की, 1988 साली जनतेपुढे एकच नाव ठेवावे आणि जनतेने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे. विरोधकांत मोठा वाद झाला. जुलमी माणसाने लिहिलेल्या घटनेप्रमाणे मत द्यावयाचे म्हणजे ती घटना मान्य करणे नव्हे काय? आमच्या धंद्यातही हा प्रश्न नेहमी येतो. कायदा मालकाच्या सोयीचा आहे म्हणून न्यायालयात जाऊच नये काय? अखेर त्यांनी ठरविले की, घटना मान्य नाही, पण तिच्यातली फट वापरावयाची. 2 फेब्रुवारी 1988 रोजी तेरा पक्षांनी ‘नाही’साठी करार केला, पुढे ती संख्या वाढली. कम्युनिस्ट पक्ष या आघाडीबाहेरच होता, तरी अखेरीस त्यानेही ‘नाही’चीच हाक दिली.

आता या एकजुटीची घडण नीट पाहावी. पक्ष विसर्जित करून एकच पक्ष केला नाही. 1973 साली कोण चुकले, याचा निवाडा केला नाही. मागणीपत्रात कलम एकच : जनरलने जावे आणि खुली निवडणूक व्हावी. आघाडीची खूण होती इंद्रधनुष्य. त्यात रंग शेजारी शेजारी असतात, कालवले जात नाहीत. कारखान्यात दोन-तीन संघटनांची संयुक्त कृती समिती होते, तेव्हा अनुभवी पुढारी हेच करतात. प्रत्येकाचा बावटा प्रत्येकाजवळ राहतो, द्वारसभा एकत्र होते आणि बोनसच्या आकड्यावर सर्वांची सही असते. मालकाची सारी भिस्त एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे जुनी भांडणे सहीपूर्वी उकरली जाण्यावर.

आमच्या देशातही 1977 साली आणीबाणीनंतर विरोधक एकत्र आले आणि मतपेटीतून सत्ता पालटली, ती गोष्ट थोर होती. पण त्यांनी पक्ष विसर्जित करून एकच जनता पक्ष केला, आणि 1979 मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या आणि नेतृत्वाच्या वादात सरकार कोसळले. चिलीतील आघाडी मात्र वेगवेगळे पक्ष राखूनच 1990 पासून 2010 पर्यंत सत्तेवर राहिली. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी, हे आम्हांस मान्य आहे. तरीही संयुक्त कुटुंबापेक्षा सख्खा शेजार अधिक टिकला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

करार झाला म्हणजे काम झाले असे नाही. याद्या कोऱ्या होत्या. दारोदार जाऊन लोकांना नावे नोंदवावयास लावावी लागली. पंधरा वर्षे धाकात काढलेल्या माणसाला सरकारी वहीत नाव लिहावयास सांगणे सोपे नव्हे. तरीही 74 लाखांहून अधिक नावे नोंदली गेली. सप्टेंबरात प्रत्येक बाजूला दूरदर्शनवर रोज पंधरा मिनिटे मिळाली. ‘नाही’वाल्यांनी ती केवळ रडगाण्यात न घालविता उद्याच्या आशेला दिली. मतदानाची टेबले देशभर 22 हजारांहून अधिक होती. त्यांवर आघाडीचे प्रतिनिधी बसले, आकडे उतरवून घेतले आणि स्वतःची मोजणी उभी केली. काल एकमेकांचे तोंड न पाहणारे दोघे एका टेबलाशी बसून एकच आकडा लिहीत होते. आम्हांस खरी एकजूट ती वाटते.

5 ऑक्टोबर 1988. संध्याकाळी सरकारने ‘होय’ पुढे असल्याचे आकडे दिले आणि मग आकडे येणेच मंदावले. पण विरोधकांची मोजणी तयार होती. त्या रात्री दूरदर्शनवर उजव्या पक्षाचे पुढारी सेर्खिओ ओनोफ्रे हार्पा यांनी आयल्विन यांच्या शेजारी बसून ‘नाही’चा विजय मान्य केला. हवाई दलाचे प्रमुख फेर्नांदो माथेई यांनी ला मोनेदात शिरता शिरता वार्ताहरांना तेच सांगितले. ‘नाही’ला शेकडा सुमारे 56, ‘होय’ला 44. हरलेल्या बाजूच्या माणसांनीही त्या रात्री लोकशाहीला हात दिला, हे विसरता कामा नये. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि 11 मार्च 1990 रोजी राष्ट्राध्यक्ष झाले तेच आयल्विन. त्यांच्या पाठीशी आयेंदेंचा समाजवादी पक्षही होता.

या एकजुटीची किंमतही सांगितली पाहिजे. पिनोचेट 1998 पर्यंत सेनापती राहिले. नेमलेले सिनेटर 2005 पर्यंत हटले नाहीत. 1979 च्या कामगार कायद्याने सामुदायिक वाटाघाटी एकेका कारखान्यापुरत्या कोंडून टाकल्या होत्या. ती कोंडी फोडण्यास नव्या सरकारांनी फार दिरंगाई केली, आणि ज्यांनी पहिले पातेले वाजविले त्यांना शेवटी कमी मिळाले. लोकशाहीने पोट भरत नाही, असे आमचे सोबती म्हणतात, ते खरेच आहे. पण पोटासाठी मोठ्याने मागता येते ते लोकशाहीतच. तुकापेल हिमेनेस यांना ते मागता आले नाही.

आरंभी सांगितलेल्या आक्षेपाचे उत्तर आता देतो, आणि ते आयल्विन यांच्याच तोंडचे आहे. 4 सप्टेंबर 1990 रोजी आयेंदेंचा अंत्यविधी सन्मानाने झाला, कारण सतरा वर्षांपूर्वी तो होऊ दिला नव्हता. तेथे राष्ट्राध्यक्ष म्हणून आयल्विन बोलावयास उभे राहिले. मृताची स्तुती करून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी सांगितले ते असे की, आपण आयेंदेंचे राजकीय विरोधक होतो, आणि तीच परिस्थिती पुन्हा आली तर पुन्हा ठाम विरोधकच राहू. मात्र तेव्हापासून देशाने जे भोगले, त्याने शिकविले आहे की ती परिस्थिती पुन्हा येता कामा नये, येऊ देता कामा नये. श्रोत्यांत आयेंदेंचे अनुयायी होते.

यात कालचेही खोटे नाही आणि आजचेही नाही. विरोध कायम राहिला आणि विरोध करण्याची जागाही राखली गेली. मंडळी, आपल्या नगरपालिकेत, सहकारी सोसायटीत, संघटनेत आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीतही भांडणे असतात आणि असावीत. प्रश्न एवढाच की, ज्या मांडवाखाली आपण भांडतो तो कोणी पेटवू लागला, तर आधी कोण चुकले याचा हिशेब करावयाचा की बादली उचलावयाची? चिलीच्या दोन पक्षांना ऑगस्ट 1973 मध्ये एका जेवणाच्या टेबलाशी जे जमले नाही, ते जमविण्यास पंधरा वर्षे आणि हजारो माणसांचे प्राण लागले. इतका महाग धडा दुसऱ्याने विकत घेऊन ठेवला आहे. आपण तो निदान वाचावा.