दिलेलें औषध आणि घेतलेलें औषध

(ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं आपल्या धर्मग्रामाच्या गत वर्षांचा आढावा इतर वक्त्यांनीं उत्तम रीतीनें घेतला आहे. आमच्या वांट्यास जो थोडा वेळ आला आहे, तो एका साध्या व घरगुती दिसणाऱ्या, परंतु जीवनमरणाशीं निगडित असलेल्या विषयास द्यावा, असें आम्हीं योजिलें आहे. तो विषय म्हणजे रुग्णाच्या औषधांची नोंद.

डॉक्टरांनीं चिठ्ठी लिहिली, दवाखान्याच्या खिडकींतून गोळ्यांची पुडी हातीं आली, म्हणजे काम संपलें, असें आपण समजतों. वस्तुतः तेव्हां अर्धेंच काम झालेलें असतें. औषध दिलें गेलें ही एक गोष्ट. तें योग्य मनुष्यानें, योग्य प्रमाणांत, ठरलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतलें ही दुसरी गोष्ट. या दोहोंमधील अंतर आपल्या अरण्यप्रदेशांत फार मोठें आहे.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन जिल्ह्यांतील रुग्णाची वाट डोळ्यांपुढें आणा. एटापल्ली किंवा भामरागडकडील मनुष्य तापानें पडला, तर कित्येकदां तो प्रथम गांवच्या पुजाऱ्याकडे जातो. मग आशाताईकडे, मग उपकेंद्रांत, तेथून प्राथमिक आरोग्य केंद्रांत, आणि दुखणें हटलें नाहीं तर गडचिरोलीस, चंद्रपुरास किंवा नागपुरास. प्रत्येक ठिकाणीं त्यास कांहीं औषध मिळतें. शेवटच्या ठिकाणीं डॉक्टर विचारतात, “आजवर काय काय घेतलें?” उत्तर मिळतें, “एक पांढरी गोळी आणि एक लाल.” पांढऱ्या गोळ्या तर शेंकडों प्रकारच्या असतात! अशा वेळीं निष्णात डॉक्टरही अंधारांत चांचपडत असतो. त्यांत पावसाळ्यांत नदीनाल्यांना पूर येऊन वाटा तुटल्या, म्हणजे ज्यानें पहिलें औषध दिलें त्यास विचारण्याची सोयही राहत नाहीं.

नोंदीचें महत्त्व आपल्या भागास कुष्ठरोगानें पूर्वींच शिकविलें आहे. ज्या काळीं बाबा आमटे यांनीं १९५१ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलें, त्या काळीं या रोगावर डॅप्सोन हें एकच मुख्य औषध होतें. तें एकटेंच, आणि पुष्कळदां अनियमितपणें घेतलें गेल्यामुळें, पुढें रोगजंतु त्यास जुमानीनासे झाले. म्हणून १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सांगितली. त्या औषधांचें पाकीट अठ्ठावीस दिवसांचें असतें. पहिला डोस आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत घ्यावयाचा. पुढील गोळ्या घरीं, एकेका दिवसाच्या कप्प्यांतून. रोगाच्या प्रकाराप्रमाणें अशीं सहा किंवा बारा पाकिटें पुरीं करावयाचीं. या योजनेंतील शहाणपण पाहा: पाकीट हेंच नोंदवही झालें! ज्यास अक्षर येत नाहीं, त्यासही रिकामा कप्पा वाचतां येतो.

मलेरियाचेंही तसेंच आहे. त्याचा व्हायव्हॅक्स नांवाचा प्रकार रक्तांतून गेला तरी यकृतांत दडून बसतो. त्याला तेथून हुसकण्याकरितां प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप मात्र तीन-चार दिवसांतच उतरतो, आणि मनुष्य उरलेल्या गोळ्या फडताळांत ठेवून शेतावर जातो. कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं ताप परत आला कीं औषधास दोष दिला जातो. उलट, कांहीं जणांच्या रक्तांत जी-सिक्स-पीडी नांवाचें द्रव्य कमी असतें. अशांना हेंच औषध अपायकारक होऊं शकतें. गर्भवती स्त्रियांनाही तें देत नाहींत. म्हणजे एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या तापाला देणें, हा शेजारधर्म नव्हे, संकट आहे.

असेंच संकट एकच औषध दोन नांवांनीं घेतल्यानें येतें. तालुक्याच्या दुकानांतील गोळी आणि सरकारी रुग्णालयांतील गोळी, नांवें निराळीं, वेष्टनें निराळीं, पण आंतील द्रव्य एकच. रुग्ण दोन्ही घेतो आणि डोस दुप्पट होतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसीन हें औषध तर मधुमेहाच्या कांहीं गोळ्यांचा व रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा जोर कमी करितें. तें चालू आहे हें डॉक्टरांना कळलेंच नाहीं, तर त्यांचा हिशेब चुकणारच. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें औषधांपासून होणारी टाळतां येण्याजोगी हानि कमी करण्याची जगभर हांक दिली; रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातांना विशेष सावध राहावें, असें तिनें बजाविलें. आपल्या रुग्णांचें तर सारें आजारपणच अशा प्रवासांत जातें!

नोंद ठेवणें हें केवळ मोठ्या रुग्णालयाचें काम, असें कोणीं म्हणूं नये. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ खेड्यांतील, थोडेंच शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाचें वजन करणें, श्वास मोजणें, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणें आणि प्रत्येक भेट लिहून ठेवणें शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, इतर खेड्यांच्या तुलनेनें तेथील नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटल्याचें दिसून आलें. औषध आणि लेखणी एकाच हातीं आलीं, याचें हें फळ.

२०१४ सालापासून अंमलांत असलेल्या नियमान्वयें क्षयरोगाचीं आणि कांहीं प्रबळ जंतुनाशक औषधें विकतांना दुकानदारास डॉक्टरांचें व रुग्णाचें नांव, औषध व त्याचें प्रमाण नोंदवून तीं नोंद तीन वर्षें जपावी लागते. दुकानाची वही दुकानांत राहते. रुग्णाची वही मात्र रुग्णाबरोबर फिरली पाहिजे, आणि ती ठेवणें आपल्या हातीं आहे.

म्हणून आमची विनंति अशी. प्रत्येक कुटुंबानें एक लहान वही व एक पिशवी ठेवावी. वहींत औषधाचें मूळ नांव, केव्हां व किती घ्यावयाचें, कोणीं दिलें, कोणत्या दिवशीं सुरू झालें व कोणत्या दिवशीं संपावयाचें, हें लिहावें. कोणतें औषध पूर्वीं बाधलें, तें पहिल्याच पानावर असावें. वैदूची मुळी घेतली असेल तर तीही न लाजतां लिहावी. पिशवींत चालू औषधें त्यांच्या वेष्टनासह, केसपेपरसह ठेवावीं. गोळ्या सुट्या करून पदरांत बांधूं नयेत. दवाखान्यांत जातांना दोन्ही बरोबर न्यावीं, आणि खिडकीशीं औषध देणाऱ्यास विचारण्याचा संकोच धरूं नये; सांगणें हें त्याचें कामच आहे. ज्या घरीं लिहिणारा कोणी नाहीं, तेथें आपल्या शाळेंतील मुलामुलींनीं आठवड्यांतून एकदां जावें.

दयाळू शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, हें आपण आठवणीनें सांगतों. पण तो खाणावळवाल्याच्या हातीं दोन नाणीं देऊन, परत येईन तेव्हां उरलेला खर्च फेडीन असेंही सांगून गेला, हें विसरतों. मलमपट्टी एका दिवसाची होती. परत येण्याचें वचन मात्र रुग्ण बरा होईपर्यंतचें होतें. ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या घरोघरीं ती लहानशी वही उघडली जावो, आणि तिच्यांतील शेवटची गोळी घेतल्याची खूण करावयास घरांतील कोणी ना कोणी रुग्णाजवळ असो, एवढीच आमची प्रार्थना.