अपडेट फसल्यास शिक्षकाने काय करावे?
(केंद्रसंमेलनात झालेले भाषण)



प्राथमिक शिक्षकाचे काम शाळा सुटल्याची घंटा झाली म्हणजे संपत नाही. निकालपत्रके, हजेरीचा गोषवारा, पोषण आहाराचा हिशेब यांपैकी बरेचसे काम आज तो रात्री घरच्या संगणकावर उरकीत असतो. अशा वेळी संगणक अडला तर केवळ एक यंत्र बंद पडत नाही; मुलांच्या वर्षभराच्या नोंदी अडकून पडतात. हा प्रसंग पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट फसल्यामुळे ओढवतो, आणि मूळ बिघाडाने होत नाही एवढे नुकसान त्या वेळच्या घाईने होते. यास्तव या प्रसंगी कोणत्या क्रमाने वागावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची सर्व कामे चालविणारी मूळ व्यवस्था. बहुतेक घरांतून ती विंडोज या नावाची असते. मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. म्हणून बुधवारी संगणक उघडला की नवे अपडेट दाराशी उभे असल्याचा अनुभव अनेकांस येतो.

ही कटकट नको म्हणून अपडेटच बंद करून ठेवावे, असा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर उणिवेची दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांच्या संगणकांवर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने धाड घातली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी त्यामुळे रद्द कराव्या लागल्या. उपाय दोन महिने आधी हाती होता. तो योजिला गेला नव्हता, एवढेच.

आता समजा, वार्षिक निकालाच्या आदल्या रात्री एका शिक्षकाच्या संगणकावर अपडेट अर्ध्यावर थांबले, आणि 'बदल मागे घेतले जात आहेत, संगणक बंद करू नये' अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली. अशा वेळी हात प्रथम बटणाकडे जातो. तो आवरावा. संगणक त्या वेळी स्वतःच पूर्वस्थितीवर येण्याचा प्रयत्न करीत असतो. मध्येच वीज तोडली तर जुने मोडते आणि नवे बसत नाही. जुन्या यंत्रास या कामी तासाहून अधिक वेळ लागू शकतो. खेड्यात विजेचा भरवसा नसल्याने, लॅपटॉप पूर्ण भारित करून व चार्जर जोडूनच अपडेटास आरंभ करणे, हा यावरील खरा उपाय होय.

संगणक पुन्हा सुरू झाला की पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नोंदी वाचविण्याचे. निकालपत्रके व इतर महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून तो काढून ठेवावा. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा काही लोकांच्या स्वतःच्या फाइलीच नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीस ते वितरण थांबवावे लागले व नोव्हेंबरात पुन्हा सुरू करावे लागले. ज्यांच्याजवळ दुसरी प्रत होती, त्यांची चिंता त्या प्रतीने निवारली.

त्यानंतर कारण शोधावे. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या भागात 'अपडेट हिस्टरी' असते. फसलेल्या अपडेटपुढे तेथे एक संकेतांक दिलेला असतो. तो वहीत उतरवून घ्यावा. संकेतांकाच्या अखेरीस ८००७००७० असेल तर डिस्कवर जागा अपुरी आहे. मोठ्या आवृत्तीसाठी 'सी' विभागात सुमारे २० जीबी जागा मोकळी असावी; निरुपयोगी फाइली व कचरापेटी रिकामी करून ती मिळवता येते. अखेरीस ८००७२एफ८एफ असेल तर संगणकाची तारीख व वेळ तपासावी. जुन्या यंत्रातील लहान बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि तारीख जुळत नसल्याने सर्व्हरशी सुरक्षित संबंध जुळत नाही. मोबाइलवरून इंटरनेट घेतले असल्यास जोडणीवर 'मीटर्ड' अशी खूण आहे काय, तेही पाहावे. तशी असता बहुतेक अपडेट उतरवलेच जात नाहीत.

कारण उमगले नाही, तर सोप्या उपायाकडून कठीण उपायाकडे जावे. संगणक एकदा बंद करून सुरू करावा. प्रिंटर, पेनड्राइव्ह आदी बाहेरची साधने काढावीत. मग विंडोजमधीलच 'ट्रबलशूटर' चालवावा. एवढ्याने भागले नाही तर जाणकाराच्या देखरेखीखाली प्रशासकाच्या अधिकाराने आधी 'डिझम' व नंतर 'एसएफसी' या दोन आज्ञा द्याव्यात; पहिली दुरुस्तीसाठी लागणारा मूळ साठा नीट करते व दुसरी बिघडलेल्या फाइली बदलते. प्रत्येक वेळी एकच बदल करून पुन्हा प्रयत्न करावा. पाच उपाय एकदम केले तर कोणता लागू पडला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

कधी संगणक सुरूच होत नाही. लागोपाठ दोनतीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथून शेवटचे अपडेट काढून टाकता येते. मात्र काही संगणकांतील डिस्क कुलूपबंद असते व अशा वेळी ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते. ती आधीच कागदावर लिहून कपाटात ठेवावी. संगणकातच ठेवलेली किल्ली कुलूप लागल्यावर उपयोगी पडत नाही. मोठी नवी आवृत्ती बसल्यानंतर त्रास होऊ लागल्यास, सामान्यतः १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधून मागे फिरता येते.

शेवटी एक भेद ध्यानी घ्यावा. विंडोज १० ची नियमित मोफत साहाय्यसेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठा व टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. जुन्या संगणकात ही नसतील तर नवी आवृत्ती नाकारली जाते. तो बिघाड नव्हे. त्यावर दुरुस्तीत रात्री घालविणे व्यर्थ आहे.

मुलाचे गणित चुकले म्हणजे चांगला शिक्षक सारी पाटी पुसत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते तो पाहतो. संगणकाच्या बाबतीत हीच रीत त्याने पाळावी. प्रत्येक केंद्रात एक वही ठेवून तीत संकेतांक, योजिलेला उपाय व आलेले फळ एवढे तीन रकाने भरले, तर एका शिक्षकाची जागलेली रात्र दुसऱ्याच्या कामी येईल. आणि निकालाच्या दिवशी मुलांच्या हाती त्यांची प्रगतिपत्रके वेळेवर पडतील.