ताटातली भाजी आणि कामगाराचा मेंदू
(निवृत्तीकडे आलेल्या कामगारांच्या मेळाव्यातील भाषण)



पगार, पेन्शन, ड्यूटीचे तास यांवर आम्ही नेहमी बोलतो. आज ताटाविषयी बोलणार आहोत. पेन्शन हाती आली आणि घरच्या माणसांची नावेच आठवेनात, तर त्या पेन्शनचा उपयोग काय?

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण प्राणवायू त्याला सुमारे २० टक्के लागतो. त्या कामात मेंदूची झीज होते. तिला रुळावरचा गंज समजा. हा गंज आवरणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पालेभाजी, आवळा, पेरू, जांभूळ, टोमॅटो, शेंगदाणे, कडधान्ये यांत ती असतात.

बाजारात याच नावाने महागड्या गोळ्या मिळतात. त्यांना भुलू नका. अमेरिकेत सुमारे ७,५०० वयस्क पुरुषांना ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०१७ साली निष्कर्ष आला : स्मृतिभ्रंश टळला नाही.

भाजी-फळे भरपूर खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, असे अनेक पाहण्या सांगतात. ही हमी नव्हे. पण रक्तदाब आणि साखर आवरायला भाजी मदत करते, आणि ही दोन्ही दुखणी मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडवतात, हे पक्के आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची टाळता येणारी १४ कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आहे आणि वर्कशॉपच्या आवाजाने येणारा बहिरेपणाही आहे.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाजी-फळे खा म्हणते. रात्रपाळीच्या डब्यात किती असतात? रनिंग रूममध्ये बटाट्याची भाजी आणि स्टेशनवर वडा, एवढ्यावर ड्रायव्हर-गार्डची ड्यूटी निघते. हा दोष त्यांच्या जिभेचा नाही. समोर जे मिळते, तेच माणूस खातो.

म्हणून आमची मागणी : प्रत्येक कँटीन आणि रनिंग रूममध्ये रोज एक पालेभाजी, एक उसळ आणि हंगामी फळ, तेही परवडणाऱ्या दरात. १९४८ च्या कारखाना कायद्याने कँटीन समितीत कामगारांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद केली. ही चळवळीची कमाई आहे. समितीत बसणाऱ्यांनी फक्त चहाच्या दरावर भांडू नये, भाजीवरही भांडावे.

आणि घरी? भाजी निवडण्याचे काम एकट्या बाईवर टाकू नका. जुडी घेऊन आपणही बसावे. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

निवृत्तीनंतरही शाखेत या, नव्या पोरांना जुने लढे सांगा. त्यासाठी स्मरण शाबूत हवे.

कामगार एकजुटीचा विजय असो!