अख्ख्या संगणकाची प्रत
(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही, जे आले ते ठेच लागून आले. त्यातली सर्वांत मोठी ठेच आपल्या मंडळाच्याच संगणकाने दिली.

२०१९ साली स्मरणिका छापायला द्यायच्या चार दिवस आधी त्याची हार्ड डिस्क गेली. मी निश्चिंत होतो, कारण सगळ्या फायली पेनड्राइव्हवर होत्या. घरच्या लॅपटॉपवर उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे! आपले लेख श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. ते युनिकोड नव्हे. फॉन्ट नसला की मजकूर वाचता येत नाही. फॉन्टची सीडी सापडेना, हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणी बसवले होते ते आठवेना. पाच रात्री जागलो आणि स्मरणिका विसर्जनाच्या दिवशी हातात आली. जाहिरातदारांचे बोलणे कोषाध्यक्षांनी ऐकून घेतले. खरे तर ‘बॅकअपचे मी बघतो’ असे मीच म्हटले होते.

फायलींची प्रत आणि सिस्टिम इमेज यांतला फरक मला तेव्हा कळला. इमेजमध्ये विंडोज, बसवलेली सॉफ्टवेअर, फॉन्ट, सेटिंग, इतकेच काय, संगणक सुरू करणारा डिस्कचा छोटा छुपा भागही येतो. डिस्क गेली तर नवी लावायची आणि इमेज तिच्यावर उतरवायची. विंडोज १० आणि ११ मध्येही ही सोय कंट्रोल पॅनेलमध्ये ‘विंडोज ७’ च्याच नावाने आहे. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअरही आहे. दिसायला रुक्ष, पण कामाला चोख.

आमच्याकडे अपघात मदतगाडी नुसती सायडिंगला उभी करून भागत नाही. मधूनमधून अचानक सायरन वाजवून ती बाहेर काढून पाहतात. त्याच सवयीने, संगणक नव्याने मांडल्यावर घेतलेली इमेज मी दुसऱ्या डिस्कवर उतरवून पाहिली. उतरेना! मूळ डिस्क ५०० जीबीची, नवी एसएसडी ४८० ची. वापरलेली जागा ८० जीबीसुद्धा नव्हती, पण विंडोजची ही सोय मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क घेतच नाही. शेवटी १ टीबीची आणली. पाऊण तासात संगणक जसाच्या तसा उठला, पडद्यावरच्या बाप्पाच्या फोटोसकट.

संगणक सुरू करून देणारा पेनड्राइव्ह आधीच करून ठेवा. इमेज उतरवताना त्या डिस्कवर असलेले सगळे पुसले जाते, तेव्हा नव्या फायली अगोदर बाजूला काढा. बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

आणि ही प्रत संगणकाशेजारी ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवर संगणक आणि कपाटे एकदमच पाण्यात गेली. चंडीगडला असे कुठे होते, म्हणणाऱ्यांनी जुलै २०२३ आठवावा. इथेही एका दिवसात ३०० मिमीहून अधिक झाला होता. डिस्क कायम जोडूनही ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या होत्या.

आता मंडळाच्या दोन डिस्क आहेत. एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरी पंचकुल्याला सचिवांच्या घरी. नवी इमेज दर तीन महिन्यांनी घेतो, रोजच्या फायली वेगळ्या. जुने लेख युनिकोडमध्ये आणायचे काम मात्र अर्धेच झाले आहे. २००३ ते २००८ चे अंक बाकी आहेत. मुद्रिते तपासायला तीन-चार जण हवेत. ज्यांना जमेल त्यांनी आज आरतीनंतर मला भेटावे.