घरचे पेव

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील जुन्या शेतकऱ्याला पेव म्हणजे काय, हे सांगावयास नको. जमिनीच्या पोटात राखलेली ज्वारी अडल्या वेळी घर चालविते. पण ती केव्हाची, याची आठवण ज्याने ठेविली नाही, त्याच्या ताटात कुबट भाकरी येते. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीसाठी पॅकेजे बांधणारांनाही असेच घरचे पेव लागते.

१९९३ साली इयान मरडॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन प्रकल्पात प्रत्येक आज्ञावली पॅकेजच्या रूपाने सार्वजनिक भांडारात ठेवितात. एका पॅकेजला दुसऱ्याचा आधार लागतो व तसे त्यात नमूद असते. बांधणी मात्र कोऱ्या जागेत व्हावी, असा संकेत आहे. ‘पीबिल्डर’ किंवा ‘एसबिल्ड’ हे साधन जणू रिकामी खोली उघडते आणि नमूद केलेले साहित्य तेवढे भांडारातून आत आणते.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तरी या भागात मराठी आणि कन्नड एकाच गावात नांदत राहिल्या. समजा, आळंदच्या एखाद्या विद्यार्थ्याने दोन्ही लिप्यांतील शब्द क्रमाने लावणारे पॅकेज रचिले आणि त्यावर मराठी-कन्नड कोश उभारिला. पहिले पॅकेज सार्वजनिक भांडारात पोहोचलेले नाही; म्हणून कोशाची बांधणी अडते. ते हाताने आत सारण्याचा मोह होतो. मग भालकीच्या मित्राकडे तोच कोश उभा राहत नाही, तेव्हा चूक उमगते.

यावर उपाय सोपा आहे. तयार पॅकेज एका कप्प्यात ठेवावे, ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ या साधनाने त्याची यादी करावी आणि तो कप्पा दुसरे भांडार म्हणून त्या खोलीस दाखवावा.

पथ्ये दोनच. पॅकेज बदलले की आवृत्तीचा अंक वाढवून यादी नवी करावी. एरवी जुनेच पॅकेज पुन्हा वापरले जाण्याचा आणि दुरुस्त केलेली चूक तशीच दिसत राहण्याचा संभव असतो. दुसरे, स्वाक्षरीवाचून विश्वास ठेवण्याची मुभा स्वतःच्या यंत्रापुरतीच घ्यावी.

आणि पहिले पॅकेज सार्वजनिक भांडारात पोहोचताच घरचे पेव झाकून कोश पुन्हा बांधावा. तेव्हाही तो सिद्ध झाला, तरच तो आळंदचा न राहता सर्वांचा झाला, असे म्हणता येईल.